येतो म्हण, मेल्या

ताईची भाषा बदलली आहे, हे बाहेरच्या माणसांत सगळ्यात आधी आमच्या दूधवाल्याच्या लक्षात आलं. तिचा मुलगा, माझा भाचा, जाऊन तेव्हा महिना-दीड महिना झाला असेल. दूधवाला पिशव्या ठेवून सवयीने दारात थांबला. ताई म्हणाली, "उद्या अर्धा लिटर जास्त द्याल का? पाहुणे आहेत." तो हो म्हणाला, पण हलला नाही. ताई आत गेल्यावर चपला काढून दोन पावलं पुढे आला आणि मला हळूच म्हणाला, "मावशी, काकूंचा माझ्यावर राग आहे का? दूध पातळ लागलं का काही?"

त्याचं बरोबर होतं. वर्षानुवर्षं त्याचं स्वागत "आला का मुडदा? सूर्य डोक्यावर आल्यावर उगवतोय" असं झालं होतं. तो हसून म्हणायचा, "काकू, गाय उठत नाही लवकर," आणि ताई म्हणायची, "गाईला कशाला नाव ठेवतोस, मेल्या, तूच लोळत असशील." एवढं झालं की त्या दोघांचाही दिवस सुरू व्हायचा. आता त्याला एकदम 'द्याल का' ऐकू आलं होतं. माणसाने घाबरून जावं असाच तो शब्द होता.

मी त्याला म्हटलं, "राग नाही. तिचं मन थाऱ्यावर नाही." ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

ताई माझी थोरली बहीण. नाशिकला पेठ रोडवर तिचं घर आहे, खाली दोन खोल्या आणि नंतर वर चढवलेला मजला. मेहुणे फार पूर्वी गेले. मी लग्न केलं नाही, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर वरच्या खोलीत पुस्तकांसकट राहायला आले. घरात ताई, तिचा एकुलता एक मुलगा, सून, नात आणि मी. आता मुलगा नाही.

आम्ही मूळच्या वणीकडच्या. आई शेतात राबणारी. तिच्या आणि तिच्या बरोबरीच्या बायकांच्या तोंडी जी भाषा होती ती सगळी मसणवट्याच्या वाटेवरची होती. मूल पडलं तर "मढं गेलं तुझं, बघून चालता येत नाय?" भाकरी करपली तर "जळ्ळं मेलं लक्षण." शेळीने रोप खाल्लं तर "पटकी आली तिला." पटकी म्हणजे कॉलरा. तो आम्ही कधी पाहिलाही नव्हता, पण त्याचं नाव रोज घरात फिरायचं. शेजारीण हाक न मारता पुढे गेली तर आई ओरडायची, "अगं ए भवाने, लय माज आला का?" आणि ती भवानी हसत मागे वळून ओट्यावर बसायची. या शब्दांनी कुणी दुखावलं गेल्याचं मला आठवत नाही. कुणी खरोखर रागावलं की उलट सगळं बोलणं बंद व्हायचं. शिव्या थांबल्या की भांडण सुरू झालं असं समजायचं.

मी शाळेत गेले, मग नाशिकला वसतिगृहात राहिले, आणि ती भाषा माझ्या तोंडातून निघून गेली. कुणी काढून घेतली नाही. 'असं बोलू नये' एवढं मला कळलं आणि मी बोलेनाशी झाले. ताई चौथीनंतर घरी राहिली. त्यामुळे आईचं बोलणं तिच्याकडे गेलं आणि मला पुस्तकं मिळाली. वाटणी झाली म्हणा ना.

भाच्याने मात्र ते बोलणं आवडीने उचललं. त्याला ते जन्मतःच मिळालं होतं, आणि त्यात गंमत आहे हेही कळत होतं. सातपूरच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. तिथे मशीन बंद पडलं की तो कामाच्या ग्रुपवर लिहायचा, 'दोन नंबरला पटकी आली आहे, माणूस पाठवा.' एकदा बाहेरून आलेल्या नव्या इंजिनिअरने गंभीरपणे विचारलं, "सर, हा पटकी फॉल्ट मॅन्युअलमध्ये कुठे आहे?" ते सांगताना भाचा जेवणाच्या ताटावर हसून हसून वाकडा झाला होता. फोनमधली रस्ता सांगणारी बाई "उजवीकडे वळा" म्हणाली की तो तिला म्हणायचा, "बये, उजवीकडे नाला आहे. पूल तुझ्या बापाने बांधलाय?" आईला तो 'मातोश्री' म्हणे. तिचं ओरडणं चालू असताना साहेबांचा फोन आला तर सांगे, "एक मिनिट सर, मातोश्री आशीर्वाद देताहेत."

त्याच्याकडून ते त्याच्या मुलीकडे गेलं. ती बारावीला. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की आतून ऐकू यायचं, "नेटला पटकी आली गं," "उलथ एकदाची, मेले." जीन्स घातलेल्या, कानात वायरी अडकवलेल्या मुलींच्या तोंडी माझ्या आईचे शब्द. मी वरच्या खोलीत पुस्तक मिटून ऐकत बसायचे. आईच्या जिभेवरून ते इतके पुढे आले होते, आणि मला वगळून आले होते.

या सगळ्यात ताईचा एक नियम होता. घरातून बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. मराठी घरात हे सगळेच पाळतात, पण ताई त्यात फार कडक. भाचा तिला चिडवायला मुद्दाम चपला घालत म्हणायचा, "जातो गं."

"येतो म्हण, मेल्या!"

"मसणात गेलेला कधी येतो का, मातोश्री?"

"तुझं मढं बशिवलं! येतो म्हण आधी."

"येतो, येतो."

एकाच श्वासात मसणात जा आणि परत ये. वर्षानुवर्षं रोज सकाळी.

दिवाळी झाल्यावर नवा तांदूळ निघतो, तेव्हा तो दरवर्षी घोटीला जाऊन पोतं आणायचा. त्या दिवशी तो मोटारसायकल काढत होता. पोतं मागून टेम्पोने यायचं होतं. दारातून त्याने तीनतीनदा विचारलं, इंद्रायणी आणू की कोळम, की दोन्ही थोडा थोडा? ताईचा कुकर चढलेला, वर दळण आलेलं. ती आतूनच ओरडली, "आण काय आणायचं ते. जा एकदाचा मसणात, डोकं नको खाऊ."

"येतो," तो म्हणाला. त्या दिवशी न सांगता म्हणाला. मी जिन्यात उभी होते, मी ऐकलं.

घोटीत पोत्याचं वजन होत असताना तो खाली बसला. तिथल्याच माणसांनी त्याला दवाखान्यात नेलं, पण तोवर संपलं होतं. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी बंद होती, असं डॉक्टरांनी नंतर सुनेला सांगितलं. बरेच दिवसांपासून असावी. तो संध्याकाळी घरी आला, आणि तांदळाचं पोतं दुसऱ्या दिवशी आलं. टेम्पोवाल्याला काही माहीत नव्हतं. माणसांनी भरलेलं घर बघून तो गोंधळला आणि पोतं जिन्याखाली ठेवून निघून गेला.

दहाव्याच्या दिवशी ताईची एक चुलत जाऊ स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईला सांगत होती. वाईट मनाने नसावं. माणसं दुःखाच्या घरी काहीतरी बोलत असतात. ती म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हणत असते बाई. घरात वाईट बोलू नये म्हणतात ते काय उगाच? सकाळ-संध्याकाळ मसण आणि मढं. जिभेला काही हाड?"

ताई मागच्या दाराशी बसली होती. तिने मान वळवली नाही. पण त्या क्षणापासून तिच्या तोंडून ते शब्द गेले. एकही नाही. ती बँकेतल्या बाईसारखी बोलू लागली. "जरा ते ताट देतेस का?" "पंखा बंद केला तरी चालेल." वाक्य सुरू करण्याआधी ती थांबायची आणि पाय घसरू नये म्हणून ओल्या फरशीवर आपण जसं चालतो तसं बोलायची. घरात चौघी बायका, आणि सगळ्या एकमेकींशी अतिशय सभ्यपणे वागत होतो. मला माझ्या आईच्या घरातला नियम आठवत होता. शिव्या थांबल्या की समजायचं.

सून कामावर जाऊ लागली. तीच त्या पोत्यातला तांदूळ काढून भात लावायची. टाकून देणार कसा? आम्ही तो खाल्ला. ताई पोत्याजवळ जात नसे.

एका दुपारी खाली काच फुटल्याचा आवाज आला. मी उतरले तर लोणच्याची मोठी बरणी फरशीवर, तेल पसरत चाललेलं, आणि नात मधोमध उभी. ती आजीकडे बघत होती. वाट बघत होती, हे मला नंतर कळलं.

ताई म्हणाली, "लागलं नाही ना? बाजूला हो हं. काच आहे."

पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी मुद्दाम पाडली," ती म्हणाली.

"असू दे."

"आजी, मुद्दाम पाडली म्हणतेय मी! वर्षाचं लोणचं होतं! एक तरी शिवी दे ना. बाबा असता तर…" पुढे तिला बोलता आलं नाही. ताईने तिला जवळ घेतलं नाही. फडकं घेऊन ती तेल पुसत राहिली, काचेच्या अगदी जवळून.

त्या संध्याकाळी मी ताईशी बोलायचं ठरवलं. मला वाटलं, मी वाचलेल्या गोष्टींचा इथे तरी उपयोग व्हावा. आईची मुलं जगत नव्हती, म्हणून तिने ताईचं पाळण्यातलं नाव दगडाधोंड्याचं ठेवलं होतं. नको असलेलं मूल समजून मृत्यूने तिला सोडून द्यावं म्हणून. मी म्हटलं, "ताई, आई शिव्या द्यायची त्याही त्यासाठीच. आपणच वाईट बोलून टाकलं की वाईटाची नजर तिकडे वळत नाही, असं मानायच्या त्या बायका. तू त्याला चाळीस वर्षं राखलंसच ना त्यानं? आणि आपल्या गावात वास्तू-बिस्तू कुणी मानायचं? ते इथे आल्यावर ऐकलं आपण."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुझ्या पुस्तकात लिहिलंय?"

"आहे. जगभर आहे ही चाल."

"मग पुस्तक लिहिणाऱ्याला विचार, मरणानं शेवटचं वाक्य कुणाचं ऐकायचं असतं? आईचं का तथास्तु म्हणणाऱ्या घराचं?"

 

जूनच्या अखेरीस नातीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सून तिला सोडायला जाणार होती, दोन दिवस राहून परतणार होती. आम्ही दोघी बहिणी स्टँडवर पोचवायला गेलो. पुण्याची गाडी लागलेली होती. सून सामान लावायला वर चढली, आणि नात आजीसमोर फलाटावर उभी राहिली.

"आजी, इथे दे."

"काय?"

"माहितीये तुला काय. इथे कुठली वास्तू? एस.टी. स्टँड आहे हे."

ताईने मान वर करून बघितलं. वर काळवंडलेला स्लॅब होता, कबुतरं बसलेली. "छप्पर ते छप्पर," ती म्हणाली.

"मग उन्हात चल. दोन पावलं."

"गाडी सुटेल. चढ तू. पोचल्यावर फोन करा."

"तू ना आजी…" पोरगी चढली. खिडकीतून तिने हात बाहेर काढला. हसत होती, पण ते हसणं मला बघवेना. गाडी मागे येऊ लागली तशी ती मोठ्याने ओरडली, "जाते गं आजी!"

तिने मुद्दाम म्हटलं, अगदी बापाच्या आवाजात. मी ताईकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले होते. गाडी वळली, फाटकाकडे गेली, आणि ताई तशीच उभी राहिली.

मग ती एकदम चालू लागली. फलाट उतरून, रिक्षावाल्यांच्या मधून, उन्हात, फाटकापर्यंत. मी मागून गेले. गाडी तोवर रस्त्याला लागून दिसेनाशी झाली होती. तिथे ताई थांबली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हणाली, "येते म्हण, मेले! जाते म्हणे! जा मसणात, पटकी आली तुला!"

आवाज जुना होता. इतक्या महिन्यांनी मी तो ऐकला. पुढच्याच क्षणी तिने तोंडावर हात दाबला, मग स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, लहान मुलं देवासमोर मारून घेतात तशा, पण जोरात.

"कुणी ऐकलं का?"

"नाही."

"तिनं?"

"गाडी गेली, ताई."

घरी आल्यावर ती फोन घेऊन खुर्चीत बसली, आणि उठली नाही. सिन्नर गेलं का? संगमनेर आलं का? सून आधी नीट उत्तरं देत होती, मग म्हणाली, "आई, आता घाट आहे, रेंज जाईल. काळजी नका करू." रेंज गेली. ताई पुन्हा पुन्हा फोन लावत होती आणि त्यातली बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. भाचा असता तर त्याने त्या बाईला काहीतरी सुनावलं असतं. ताई तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, इंग्रजीतलंसुद्धा. तिने चहा घेतला नाही. भिंतीकडे बघून ती काही पुटपुटत होती. मला वाटतं, ती घराला सांगत होती की ते इथे बोललं नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमारास नातीचाच फोन आला. पोचल्या होत्या. खोली बरी होती, खिडकीतून गुलमोहर दिसत होता, खानावळीतल्या आमटीला चव नव्हती. ताईने "बरं" म्हटलं, "जप" म्हटलं आणि फोन ठेवला.

मला हायसं वाटलं. इतकं की मी न विचारता बोलून गेले, "बघ, पोचली की नाही सुखरूप? बोलण्याने काही होत नसतं ताई. कधीच होत नसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं बोलणं त्याला लागलं नाही?"

"नाही गं. कसं लागेल?"

"आणि तो येतो म्हणाला होता. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तेही नाही लागलं."

तिने मांडीवरचा फोन बाजूला ठेवला.

"मग तो गेला कशानं?"

रक्तवाहिनीचं तिला माहीत होतं. ती ते विचारत नव्हती. ग्रंथालयात कुणी काहीही विचारलं तरी ते कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर आहे, हे मी बसल्या जागेवरून सांगायचे. ताईच्या चेहऱ्याकडे बघताना मला कळलं की गेले सगळे महिने तिच्याजवळ एक कारण होतं. ते भयंकर होतं, पण तिचं स्वतःचं होतं, आणि त्याला धरून ती उभी होती. तिला सोडवायला म्हणून मी ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. आता तिथे काहीच नव्हतं. तिच्या बोलण्याने तो गेला नव्हता, आणि त्याच्या बोलण्याने तो परत येणार नव्हता. आमच्या आईपासूनचं सगळं बोलणं, मसणात जा आणि परत ये, नुसतं बोलणंच होतं.

"अंधार झाला," ती म्हणाली आणि उठली. सून नव्हती, तेव्हा भात तिलाच लावावा लागणार होता. जिन्याखाली जाऊन तिने पोत्याचं तोंड उघडलं, दोघींपुरते तांदूळ काढले, निवडले, धुतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

कुकरची पहिली शिट्टी झाली. पूर्वी या शिट्टीला हमखास "आली का बोंबलत, मेली" असायचं, आणि वरून भाचा ओरडायचा, "मातोश्री, कुकर घाबरला!" मी वाट बघितली. शिट्टी उतरत उतरत बंद झाली. ताईने गॅस बारीक केला, ओटा पुसला आणि मला विचारलं, "आत्ता जेवतेस का थोड्या वेळाने?"